सहावा बीम

चौदा माणसांसमोर सुनेनं सासूला "अव्वा, आज तुम्ही खाली उभं राहायचं नाही," असं सांगावं, ही कुठली रीत? बरं, सांगायचं तर डोळ्याला डोळा देऊन तरी सांगावं. ईश्वरीनं सांगितलं ते हातातल्या पडद्यावर बोट फिरवत, मान खाली घालून. दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर कमी टाक म्हणून सांगतात, तसं.

तायव्वा धोत्रेच्या हातातला चहाचा कप ओठापाशी पोचलाच नाही.

"का गं? मला काय देवी आल्यात?"

"सहाव्या बीमचे टेकू आज निघणार नाहीत. केबलमध्ये दोष आहे. कंपनीचा माणूस उद्या येईल, मग बघू."

"पाच बीमचे टेकू निघाले तवा मी खाली होते का न्हवते?"

"होता."

"मग या सहाव्याचं मी काय घोडं मारलंय?"

"हं," एवढं म्हणून ईश्वरी निघून गेली. गेले नऊ दिवस हे असंच चाललं होतं. जेवायला चला म्हटलं की हं. पोळी वाढू का म्हटलं की हं. घरात आली तेव्हा पोरगी पोपटासारखी बोलायची. आता बोलायची ती फक्त बीमशी.

टेकू काढताना मुकादमानं खाली उभं राहायचं, हा शिरस्ता तायव्वाच्या सासऱ्यानं घालून दिला होता. धोत्र्यांच्या घरात आधी छिन्नी-हातोडा. दगडाचं काम आटलं तसे सासरे यल्लाप्पा काँक्रीटकडे वळले, आणि पहिल्याच बीमचे टेकू निघताना खाली जाऊन उभे राहिले. "बीम माझा, तर खालचं डोकंही माझं," म्हणाले. त्यांच्यामागं नवरा उभा राहिला. नवरा गेल्यावर एकतीस वर्षं तायव्वा. सोलापुरात असा एक कंत्राटदार नव्हता, ज्यानं या बाईला पदर खोचून, कमरेवर हात ठेवून काँक्रीटखाली उभी पाहिली नव्हती. ती उभी राहिली की लोक म्हणायचे, झालं, आता वर हत्ती बांधा.

आणि आज तिला बाजूला व्हा म्हणून सांगणारी ही कालची पोर!

तिनं आपला राग नागनाथवर काढला. नागनाथ तिचा मुलगा आणि ईश्वरीचा नवरा, म्हणजे दोन्हीकडून अडकलेला. तो गॅलरीवर भार टाकून बघायला आणलेल्या पाण्याच्या पिशव्या मोजत होता.

"तुझ्या बायकोला विचार, माझ्यावर कसला राग हाय तिचा."

"अव्वा, मला दोन जॅकच्या मध्ये घेऊ नको. मी काँक्रीट न्हाई."

बीमला ताण देणं म्हणजे काय, हे तायव्वाला कुणा इंजिनियरनं शिकवलं नव्हतं. शाळा तिसरीपर्यंत. पण चौदाव्या वर्षी ती सहा विटांची आडवी रांग दोन तळहातांत दाबून उचलायची. मधल्या चार विटांना खाली आधार नाही, तरी त्या पडत नाहीत. का? दोन्हीकडून दाब आहे म्हणून. दाब सैल पडला की विटा पायावर. बीमचंही तेच. काँक्रीट दाबाला वाघ आणि ओढीला शेळी. वर भार आला की बीम वाकतो, त्याचं पोट ताणतं आणि फाटू बघतं. म्हणून काँक्रीट ओतायच्या आधी पोटातून नळी न्यायची, नळीत पोलादी केबल घालायची. काँक्रीटनं जोर धरला की टोकांना जॅक लावून केबल ओढायची आणि पाचरी मारून अडकवायची. केबलला आखडायचं असतं, पण आखडता येत नाही. म्हणून ती बीमलाच दोन्ही टोकांनी आवळून धरते. शेवटी नळीत पातळ सिमेंट भरायचं. त्याला ग्राउट म्हणतात. उघड्या नळीत पाणी शिरतं, पाण्यानं गंज, आणि गंजानं केबल मरते. "उघडं तोंड दिसलं की भरा," हा तायव्वाचा टोळीला पहिला धडा.

अडचण एकच. किती ओढायचं? जास्त ओढलं तर रिकामा बीम उलटा वर फुगतो आणि वरून तडकतो. कमी ओढलं तर गर्दीत खाली वाकतो. म्हणून मधला एक आकडा धरायचा आणि बीम जाडजूड करायचा, असं सगळे करत आले होते.

मग चार वर्षांपूर्वी जागी केबल आली. तिचा धातू आठवण ठेवणारा. वीज सोडून ऊब दिली की त्याला आपली मूळची आखूड लांबी आठवते आणि तो आवळतो. ऊब काढली की ढील देतो. केबलच्या अंगात केसाएवढा काचेचा धागा, आणि त्या धाग्याला वीतवीत अंतरावरचा ताण, ऊब, हादरा, सगळं कळतं. गॅलरीत माणसं चढली की केबल पापणी लवायच्या आत आवळणार, माणसं उतरली की सैल होणार. वीज गेली तर पाचर आहे तिथं धरून ठेवणार. असा बीम निम्म्या जाडीत भागतो. होटगी रस्त्यावरचं हे कबड्डीचं सभागृह त्याच जोरावर उभं राहिलं होतं. बेचाळीस मीटर रुंद, मध्ये एक खांब नाही, वर तीन हजार माणसांची गॅलरी, आणि तिला पेलणारे सडपातळ सात बीम. बारा दिवसांनी तिथं मुलींच्या राज्य स्पर्धा होत्या. गावात पाट्या लागल्या होत्या.

जाग्या केबलचं पथ्य एवढंच, की ती नळीत तेल लावून सुटी राहिली पाहिजे. तिथं ग्राउट चालत नाही.

दुपारी माणसं जेवायला बसली, तशी तायव्वा ताटावरून उठली. दोष कसला आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघू. गुडघ्याला शिव्या देत ती शिडीनं सहाव्या बीमवर चढली आणि चालत मधोमध आली. प्रत्येक बीमच्या पाठीवर नळीचं एक तोंड बोटभर वर आलेलं होतं. पाचव्यावर लाल झाकण. सातव्यावर लाल झाकण. सहाव्यावर झाकण नव्हतं. तोंड राखाडी सिमेंटनं गच्च भरलेलं, आणि सिमेंट वरून अंगठा फिरवून गुळगुळीत केलेलं.

अंगठ्याचा ठसा चपटा होता, उलथन्याच्या टोकासारखा.

तायव्वानं आपला डावा अंगठा पुढं केला. बावीस वर्षांपूर्वी तो जॅकखाली चेंगरला होता आणि पुन्हा कधी गोल झाला नव्हता. अंगठा ठशात नेमका बसला.

तिला आठवलं. मागच्या आठवड्यातला मंगळवार. जिन्याच्या साध्या बीममध्ये ग्राउट भरणं चालू होतं, माणसं जेवायला गेली होती. ती सहज इकडं आली, तर हे तोंड उघडं. झाकण वाऱ्यानं खाली पडलेलं. "आळशी मेले," म्हणत तिनं बादली आणली, नरसाळं लावलं आणि स्वतःच्या हातानं ओतलं. नळीतून हवेचा बुडबुडा आला, तो थांबेपर्यंत ओतलं. हात सवयीनं चालला आणि डोकं मागं राहिलं. त्या दिवशी ती एक भाकरी जास्त जेवली होती.

कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या हाताशी दगडाचा कपचा होता. चार वेळा घासला असता तर ठसा गेला असता. याआधी या धंद्यात कितीकांच्या चुका काँक्रीटमध्ये पुरल्या गेल्या, आणि त्या कुणाच्या होत्या हे भिंतींनी कधी सांगितलं नाही. तिनं कपचा उचलला. मग तिला आतल्या केबलच्या अंगातला तो काचेचा धागा आठवला. तो हादरे मोजतो, ऊब मोजतो.

म्हणजे बीमला ठाऊक आहे. आणि बीमला ठाऊक आहे म्हणजे ईश्वरीला ठाऊक आहे. नऊ दिवसांपासून.

तिनं कपचा टाकून दिला आणि शिडीकडे वळली.

साइटच्या पत्र्याच्या ऑफिसात ईश्वरी भाकरीचा तुकडा हातात धरून पडद्याकडे बघत बसली होती. तुकडा वाळून वाकडा झाला होता.

"दाखव," तायव्वा दारातून म्हणाली.

"काय?"

"मंगळवार."

ईश्वरीनं एकदा सासूकडे पाहिलं आणि पडदा पुढं सरकवला. निळी लांब पट्टी म्हणजे सहावा बीम. एक वाजून चाळीस मिनिटांनी पट्टीवर ठिपके उमटायला लागले. एक जड, एक हलका, एक जड, एक हलका. तायव्वाचा डावा गुडघा. ठिपके मधोमध येऊन थांबले. मग तासाभरानं तिथलाच एक तुकडा पिवळा झाला, संध्याकाळपर्यंत नारिंगी.

"सिमेंट गोठताना तापतं, अव्वा."

"ते तू मला शिकव आता." तायव्वा खुर्चीवर बसली. "अन् ह्ये खाली काय लिवलंयस?"

खाली कंपनीला पाठवायचं पत्र होतं. तायव्वानं बोट ठेवून एकेक शब्द वाचला. झाकण माझ्या नजरचुकीने उघडे राहिले. ग्राउट माझ्याच सूचनेवरून भरले गेले. जबाबदारी सर्वस्वी माझी. ईश्वरी नागनाथ धोत्रे, परवानाधारक अभियंता.

"आधी केबल खराब आहे म्हणून ढकलणार होते," ईश्वरी म्हणाली. "पण उद्या त्यांचा माणूस धागा वाचणारच. कुणाचं तरी नाव द्यावंच लागेल. टोळीचं दिलं तर टोळीला कुणी पुन्हा उभं करणार नाही. तुमचं दिलं तर..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"तुझा परवाना जाईल."

"जाईल."

"अन् बीम?"

"फोडावा लागेल. स्पर्धा पुण्याला नेतील." आता तिचा आवाज फुटला. "मी रोज प्रयत्न केला हो. रोज केबल गरम करून बघितली. सिमेंटच्या अलीकडे ताण येतो, पलीकडे जातच नाही. आणि तुम्ही रोज विचारता, मी खाली कधी उभी राहू!"

तायव्वाच्या तोंडात शिव्या तयार होत्या. पण आधी काम.

"किती लांब भरलंय?"

"पावणेदोन मीटर."

"केबलला तेल हुतं?"

"होतं ना. म्हणून सिमेंटनं केबलला चिकटून धरलेलं नाही. गळपट्ट्यासारखं घट्ट बसलंय फक्त. पण केबल स्वतःच्या जोरानं जेवढी आवळते, तेवढ्यानं सुटत नाही."

"ती आवळती म्हंजे दोन्हीकडून सारखीच ओढती. ओढाओढीत मधलं जागचं हलंल कशाला?" तायव्वानं मनगट पुढं केलं. "अडकलेली बांगडी सरळ ओढून निघती का? जरा हिकडं, जरा तिकडं, कुरवाळत काढावी लागती. एका टोकानं ओढायची, सोडायची. मग दुसऱ्या टोकानं."

ईश्वरी तोंड उघडण्याआधीच उभी राहिली होती.

"थांबा, थांबा. गार केबल ओढली की लांब होते, म्हणजे बारीक होते. ऊब दिली की आखडते, म्हणजे जाड होते. तुम्ही ओढलीत की मी गार ठेवायची. सोडलीत की गरम करायची. बारीक, जाड, बारीक, जाड... अव्वा, गळपट्टा आतून कुटला जाईल!"

"मग बसलीस कशाला?"

"कंपनीच्या पुस्तकात हे नाही."

"पुस्तक लिवणाऱ्यानं सासूनं बादली ओतल्याली बघितली नसंल."

अर्ध्या तासात टेम्पोतून हाताच्या पंपाचे जुने जॅक उतरले. तायव्वानं सगळ्यांना गोळा केलं. एकदा का बोलायचं ठरलं, की ती थांबणारी नव्हती.

"ऐका. केबल खराब न्हाई. नळीत ग्राउट भरलं ते मी. माझ्या हातानं. आता ते सोडवायचंय, अन् दात काढायचे नाहीत."

कुणी दात काढले नाहीत. फक्त म्हातारा भीमशा, तीस वर्षं तिच्या पंपावर बसणारा, टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "आक्का, मी बघितलं हुतं तुला."

"आँ? मग बोलला का न्हाईस?"

"मला वाटलं, आक्का करती म्हंजे बरुबरच आसंल."

तायव्वानं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पंपाचा दांडा शोधायला निघून गेला. ते वाक्य मात्र तिला कुसळासारखं टोचत राहिलं.

पूर्वेच्या टोकाला भीमशासह ती स्वतः, पश्चिमेला नागनाथ, आणि मध्ये, लांब बाजूला, पडदा घेऊन ईश्वरी. जॅकच्या मागं सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही. केबल तुटली तर ती गोळीसारखी सुटते. तायव्वानं दोन पोरांना दंडाला धरून बाजूला केलं. केबल जिथं बीममधून बाहेर येते, तिथं तिनं पिवळ्या रंगाची रेघ ओढली.

"अव्वा, दाबाचा काटा एकशेचाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही!" ईश्वरी ओरडली.

"भीमशा, हाण!"

साठ. ऐंशी. शंभर. सोड. ईश्वरीनं ऊब दिली. मग नागनाथच्या बाजूनं साठ, ऐंशी, शंभर, सोड. पहिली फेरी, दुसरी, पाचवी. पिवळी रेघ जागची हलली नाही. आठव्या फेरीला भीमशाच्या कपाळावरून घाम पंपावर टपकायला लागला. तायव्वानं त्याला ढकलून स्वतः दांडा धरला.

"एकशेदहा घेऊ?"

"घ्या!"

अकरावी फेरी. बारावी. तायव्वाचा तळवा केबलच्या टोकाजवळच्या पत्र्यावर होता. त्या तळव्याला एकदम काहीतरी कळलं, दाताखाली वाळू यावी तसं.

"कुरकुरली! ईश्वरी, कुरकुरली बघ!"

"दिसतंय! एका वितेत रंग बदललाय. चालू द्या, थांबू नका!"

आता सगळीच टोळी ओरडत होती. पिवळी रेघ तांदळाच्या दाण्याएवढी सरकली. मग गव्हाएवढी. एकशेवीस. सोड. एकशेतीस. नळीच्या तोंडातून राखेसारखी धूळ उडाली. सोळाव्या फेरीला काटा एकशेपस्तीसवर थरथरत होता, तोच धाडकन आवाज झाला आणि काटा एकदम चाळीसवर पडला.

तुटली की सुटली?

तायव्वानं दांडा सोडला नाही. ती लांब उभ्या असलेल्या ईश्वरीकडे बघत होती, आणि ईश्वरी पडद्याकडे. निळ्या पट्टीच्या एका टोकाकडून ताणाचा हिरवा रंग सरकायला लागला. मधल्या तुकड्यापाशी आला, अडखळला आणि पुढं गेला. सरळ दुसऱ्या टोकापर्यंत.

"सुटली!" ईश्वरीनं अशी किंकाळी फोडली, की वरची कबुतरं उडाली. "अव्वा, सुटली! सगळी सुटली!" पोरगी पळत आली आणि तिनं सासूला अशी मिठी मारली, की दोघींच्या अंगाला तेल लागलं. तायव्वानं तिला पाठीत एक धपाटा घातला. कौतुकाचा की रागाचा, ते तिचं तिलाही ठरवता येईना.

तीन वेळा केबल आवळून, सैल करून बघितली. तिन्ही वेळा ती पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एका श्वासात आवळली. नळीतला चुरा हवेनं फुंकून काढला, तेल पुन्हा सोडलं, झाकण घट्ट बसवलं.

चार वाजता टेकू निघायला लागले. तायव्वा पदर खोचून सहाव्या बीमच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली. ईश्वरीनं तोंड उघडलं, सासूचे डोळे पाहिले आणि मिटलं. टेकू एकेक करून पडले. वर गॅलरीत तीन हजार माणसांच्या वजनाच्या पाण्याच्या पिशव्या फुगायला लागल्या.

"एक मिलीमीटर खाली," ईश्वरी आकडे ओरडत होती. "दोन. तीन. साडेतीन. केबल जागी झाली! थांबला. थांबलाय! अव्वा, वर येतोय! तीन. दोन!"

तायव्वानं मान वर केली. डोक्यावरचं ते सडपातळ काँक्रीट शांत होतं. सुरकुती नाही, तडा नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं भाराखाली वर उठणारा बीम पाहिला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. नागनाथ बायकोकडे आणि आईकडे आळीपाळीनं बघत वेड्यासारखा हसत होता.

ती बाहेर आली, तेव्हा ईश्वरी पडद्यावर पत्र पुसत होती.

"पुसू नको," तायव्वा म्हणाली. "पाठव. काय झालं, कसं सोडवलं, सगळं लिव. उद्या दुसऱ्या कुणाच्या सासूचा हात असाच चालंल, तवा त्यांना कळाय पायजे. फक्त नाव बदल. माझं घाल."

"पण आता तर सगळं ठीक झालंय. कशाला—"

"घाल म्हणते ना. तायव्वा धोत्रे, मुकादम."

ईश्वरीनं नाव घातलं. पत्र गेलं. टोळी भोवती गोळा झाली होती. भीमशा टोपी हातात धरून उभा होता. तायव्वानं सुनेची हनुवटी धरून तिचा चेहरा वर केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"आता माझं ऐक. अक्कल तुला माझ्यापेक्षा जास्त हाय. उद्या मी हे कबूल करणार न्हाई, म्हणून आज सांगून टाकते. जीव पण लावतीस. पण तू भित्री हायस. बेचाळीस मीटरच्या बीमला घाबरली न्हाईस, अन् पाच फुटांच्या सासूला घाबरलीस. चुकले मी, अन् शिक्षा तू तुझ्या नावावर लिवून घेतलीस. मला न विचारता. म्हातारीची चूक पोटात घालणं ही माया न्हाई गं, तिला मोडीत काढणं हाय. म्हणून तू अजून मुकादम व्हायच्या लायकीची न्हाईस. ज्या दिवशी माझी चूक सगळ्यांदेखत माझ्या तोंडावर सांगशील, त्या दिवसापासून ही टोळी तुझी."